त्या पोरीचा आवाज

भिवंडीत एसटी स्टँडासमोरच्या मोबाईलच्या दुकानात भाविक मेमरी कार्डात गाणी भरून घेत होता आणि त्याची बायको ऋतिका मागे पायरीखाली मेथीच्या जुड्या सांभाळत उभी होती. दुकानदार कॉम्प्युटरवर एकेका गाण्याचा तुकडा वाजवायचा. भाविक मान डोलवायचा, नाहीतर हाताने ‘पुढे’ म्हणायचा. हळदीची गाणी झाली, बेंजोवर वाजवलेली हिंदी गाणी झाली, आणि मग एकदम कापडाचा लूम सुरू झाला. तिला वाटलं, मागच्या गल्लीत कुठल्यातरी शेडचं दार उघडलं. भिवंडीत त्यात नवल नव्हतं. पण त्या खटक्यांवर ढोलकी चढली, खटका आणि ढोलकी एकमेकांत बसली, आणि लूमच्या आतून एक मुलगी बोलली, “फोन नको ठेवूस. कायपन बोल, पन बोल.” शेवटचा ‘बोल’ नको तितका लांबला, आणि त्याच्या टोकाला ती हसली, पण हसू पुरं व्हायच्या आत तिने ते आवरलं. मग एक पुरुष गायला लागला.

“हे टाक,” भाविक म्हणाला. “हेच शोधत व्हतो. फोनवालं.”

“सगले हेच मागतात,” दुकानदार म्हणाला. “गाना ठीक हाय. पन ती पोरगी बोलते ना, त्याच्यावर चाललंय.”

ऋतिकाने मेथीकडे बघितलं. जुडीला बांधलेलं केळीचं सोपट सुटत आलं होतं, ते तिने पुन्हा आवळून बांधलं. आपला आवाज बाहेरून ऐकला की तो आपला वाटत नाही, असं लोक म्हणतात, आणि तिलाही तो पहिल्या शब्दांना आपला वाटला नव्हता. जरा बारीक, जरा नाकातला, कुण्या लाडावलेल्या मुलीचा. पण ते हसू का आवरलं, ते तिला माहीत होतं. त्या वेळी शेजारी निजलेली आई कुशीवर वळली होती आणि झोपेतच कुणाला तरी “मीठ झाक” म्हणाली होती. आईचे शब्द गाण्यात नव्हते. ते लूमखाली बुडाले असावेत, किंवा कुणीतरी कापून टाकले असावेत. जिथे ते असायला हवे होते तिथे आता ढोलकीचा एक ठोका होता.

तिचं माहेर कामतघरचं. वडिलांनी, तुळशीरामांनी, घरामागच्या जमिनीवर शेड बांधून लूमवाल्यांना भाड्याने दिली तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. घराची मागची भिंत आणि शेडची भिंत एकच. त्या भिंतीला पाठ टेकली की खटका कानात यायच्या आधी पाठीच्या कण्यात यायचा. शुक्रवारी लूम बंद असायचे. एरवी दिवस नाही, रात्र नाही, एक शिफ्ट उतरायची आणि दुसरी चढायची. त्या घरातले सगळे मोठ्याने बोलायचे, आणि मोठ्याने बोलूनही भागायचं नाही म्हणून वाक्याचा शेवटचा शब्द ताणायचे. दोन खटक्यांच्या मधे जेवढी जागा सापडेल तेवढ्यात शब्दाचा काही भाग तरी समोरच्यापर्यंत पोचावा, अशी ती सवय होती. ही सवय कुणी शिकवली नव्हती. शुक्रवारी लूम थांबले की सगळं घर त्याच तारस्वरात बोलत राहायचं आणि मग आपलेच आवाज ऐकून जरा लाजायचं.

पडघ्याच्या अलीकडच्या या गावात सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, भात उतरवू का, आणि ओटीवरच्या सगळ्या बायका दचकल्या होत्या. “हलू बोल गो बाय,” सासू पुतळाबाई म्हणाली होती. “हितं लूम नाय. कान फोडतंस आमचे.” सगळे हसले होते. भाविकही हसला होता. पुढे महिनाभर नणंदा तिच्यासारखा शेवटचा शब्द ताणून तिला हाका मारत आणि ती हसून घेई. आता, मेथीची जुडी हातात धरून पायरीखाली उभी असताना, तिला ते हसणं आठवलं. ज्या सवयीवर सगळं गाव हसलं होतं, तीच सवय आता भाविकच्या खिशात जाणार होती.

त्याने परतीच्या वाटेवर रिक्षातच ते गाणं रिंगटोन म्हणून लावलं. चायना मोबाईल होता, स्पीकर असा की अंगणातून ओढ्यापलीकडे ऐकू जावं. त्याला टेम्पोच्या धंद्याचे फोन सारखे यायचे, आणि प्रत्येक फोनला आधी लूम, मग ती मुलगी. ऋतिका दर वेळी त्याच्या तोंडाकडे बघायची. त्याच्या कपाळावर काही उमटतं का, डोळे क्षणभर तिच्याकडे वळतात का, हे बघताना तिच्या हातातलं काम थांबायचं. काहीच उमटत नव्हतं. पण आज नाही तर उद्या उमटेल. रोज इतक्या वेळा ऐकणारा माणूस किती दिवस बहिरा राहील? आणि एकदा उमटलं की मग विचारणं नव्हतं. भाविकच्या चुलतभावाने बायकोच्या मोबाईलमध्ये एक अनोळखी नंबर सापडल्यावर तिला तिच्या भावाच्या दारात आणून सोडली होती, आणि त्या नंबरावर साडीच्या दुकानाचा माणूस निघाला हे कळल्यावरही परत आणली नव्हती. इथे तर नंबर नव्हता. इथे ती स्वतः होती, भर बाजारात, म्हणत होती की फोन ठेवू नकोस.

तिने बोलणं कमी केलं. सुरुवातीला फक्त शेवटचा शब्द. वाक्य सुरू करायची आणि शेवट येण्याआधी आवाज खाली ओढून घ्यायची, घोटाबरोबर गिळल्यासारखा. मग लांब वाक्यं सोडली. मग हाका सोडल्या. कुणाला बोलवायचं झालं तर उठून जाऊन समोर उभी राहायची. दिवसभरात असे किती शब्द आपण उगाच वापरत होतो, याचं तिला आश्चर्य वाटलं. ‘अवो’ नको, ‘आलेच’ नको, भाजी कशी झाली हे विचारणं नको. घरातल्यांना ती शहाणी झाल्यासारखी वाटली. “लूम बंद झाला वाटतं,” नणंद म्हणाली, आणि भाविकने हसून तिच्या पाठीवर थाप मारली.

फोनच्या पलीकडे होता तो सागर, अंबाडीकडचा. कुणब्याचा मुलगा, बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा, आणि कामतघरच्या एका हळदीला आला होता. दिसायला विशेष नव्हता. पण वाजवताना तो लोकांकडे बघायचा नाही, कान एका बाजूला कलता ठेवून आपल्याच हातांखाली काहीतरी शोधत असायचा, आणि तिला ते बघत राहावंसं वाटलं होतं. मग फोन. ती दुपारी फोन करायची, आई निजलेली असताना, त्याच मागच्या भिंतीला पाठ लावून, कारण तिथे लूमचा आवाज सगळ्यात जास्त होता. बाहेरच्या खोलीत वडील बसलेले असायचे आणि ती बिनधास्त बोलायची. लूम चालू आहे तोवर आपलं बोलणं कुणालाच ऐकू जात नाही, हे तिने लहानपणापासून धरून चाललेलं होतं. त्या घरात भांडणं, रडणं, चुगल्या, सगळं लूमच्या आडोशाने चालायचं. शुक्रवारी ती फोन करायची नाही. शुक्रवार उघडा दिवस. आता तिला वाटायचं, भिंतीच्या या बाजूला बसलेल्या बापापासून आपण लपलो होतो, पण तोंडापासून दोन बोटांवर धरलेल्या यंत्रापासून नाही. त्याने तिला आणि लूमला एकत्रच उचलून नेलं होतं. सोयरीक जमली तेव्हा भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. तिने सिमकार्ड काढून चुलीत टाकलं आणि वडिलांनी नवं आणून दिलं. सागरला काही सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे पुन्हा ते ‘नको ठेवूस’ आलं असतं, आणि या वेळी कोण कुणाला म्हणणार, हे तिला माहीत नव्हतं.

लग्नानंतर ती राहनाळला एका गोदामाच्या ऑफिसात कामाला जायची. गाडी कुठवर आली, माल किती वाजता उतरवायचा, हे ड्रायव्हरांना फोन करून विचारायचं काम. एका सकाळी नाशिककडून येणारा एक ड्रायव्हर तिचं सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “मॅडम, बुरा मत मानना. वो फोनवाला गाना है ना, उसमें जो बोलती है, वो आपही हो क्या?”

“काम की बात करो,” ती म्हणाली.

“नहीं, ऐसेही पूछा. मैं रोज सुनता हूँ गाडी में. आप ‘कब आओगे’ बोली ना, तो एकदम लगा.”

तिने फोन ठेवला. ज्याने तिला कधी पाहिलं नव्हतं, त्याने हमरस्त्यावर, इंजिनाच्या आवाजात, एका ‘आओगे’वरून तिला ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच गाडीचा ड्रायव्हर बोलायच्या आधीच हसला, त्याच्या मागे आणखी कुणी हसलं, आणि तो म्हणाला, “मॅडम, फोन मत रखना.” तिने आठवडा कसाबसा काढला. मग भाविकला सांगितलं की घसा दुखतो, फोनवर बोलवत नाही. त्याला नोकरी सुटल्याचं वाईट वाटलं नाही. तो तिला पडघ्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी जिभेवर चमचा दाबून बॅटरीचा झोत टाकला. “काही दिसत नाही,” ते म्हणाले. “बोलणं कमी ठेवा.” भाविकने ते सगळ्या घराला सांगितलं. आता गप्प राहायला तिला कारण शोधावं लागत नव्हतं.

सागरचा नंबर तिला पाठ होता. पडघ्याच्या बाजारातल्या एसटीडीच्या काचेच्या खोलीत उभं राहून तिने तो दाबला, तेव्हा तो बदललेला असावा असं तिला मनापासून वाटत होतं. बदललेला नव्हता.

“कोन?” पलीकडून आवाज आला. मागे कुणीतरी कीबोर्डवर एकच सूर पुन्हा पुन्हा तपासत होतं.

“मी,” ती म्हणाली.

तो सूर थांबला. “आयला,” सागर म्हणाला. “ऋतिका.”

एका अक्षरावर. ती काचेकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर सुकटीच्या पाटीशी बायका भाव करत होत्या, त्यांची तोंडं हलताना दिसत होती.

“ते काढून टाक,” ती म्हणाली.

“आता कुठून काढू? कंपनीनं घेतलं. लोकांच्या मोबाईलात गेलं, ब्लूटूथनं कुठच्या कुठं गेलं. तुझ्या सासरी पण वाजत असंल.”

“वाजतं.”

“आवडलं?” त्याने विचारलं. टोमणा नव्हता त्यात. त्याला खरंच ऐकायचं होतं.

“रेकॉर्ड कवा केलंस?”

“कवा म्हंजे? सगळेच फोन रेकॉर्ड करायचो. पुन्हा ऐकायला. मग तो मोबाईल बिघडला, सगळं गेलं. एवढंच दुसऱ्या कार्डावर राह्यलं होतं.” तो थांबला. “आधी नुसता लूम घ्यायचा होता मला. तो खटका मस्त बसला होता तालात. पण तू त्याच्यातून सुटेनास. तुला काढली की लूम पण जायचा.”

“माझं नाव सांगितलंस कुनाला?”

“न्हाय. शपथ. विचारतात सगळे. मी सांगतो, स्टुडिओत येते एक पोरगी, तिला पैसे देऊन बोलून घेतलं.”

“पैसे देऊन.”

“मग काय सांगू? राग नको मानू. खरं तर गाणं तुझ्यावरच चाललंय. तू हसतेस तिथपर्यंत ऐकतात, मी गायला लागलो की पुढं ढकलतात.” तो हसला, तेच जुनं, स्वतःवरचं हसणं. मग आवाज उतरवून म्हणाला, “तू एकदम बंदच केलास ना फोन. मला वाटायचं, येईल एखादा.” मागून कुणीतरी त्याला हाक मारली. “थांब, आलो. ऋतिका, ठेवतो हां. ट्रॅक चालू हाय.”

ती पैसे देऊन बाहेर आली. रडू आलं नाही. तो सूड घेत असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. तो प्रेमाने वेडा झाला असता तर त्याला शिव्या देता आल्या असत्या. तो फक्त कामात होता. त्याला एक खटका हवा होता आणि त्या खटक्यात ती अडकलेली निघाली.

पुतळाबाई धवलारीण होती. त्यांच्या समाजातल्या लग्नात हळद लावण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला धवलारणीचं गाणं लागतं. ती एक ओळ म्हणते आणि मागे बसलेली बाई ती उचलून धरते. शेजारच्या आळीत लग्न निघालं होतं, आणि नेहमी मागून उचलणारी गोदूबाई तापाने पडली होती. दुपारी पुतळाबाई अंगणात सूप घेऊन अक्षतांचे तांदूळ निवडायला बसली. ऋतिका समोर बसली. पलीकडे भाविक टेम्पो धूत होता.

“मी बोलते, तू मागून उचल,” पुतळाबाई म्हणाली.

ऋतिकाने गळ्याला हात लावला.

“घसा नाय दुखत तुजा.”

सुपातला एक खडा पुतळाबाईने चिमटीत धरून बाजूला ठेवला. मग तांदळांवरची नजर न उचलता, त्याच आवाजात म्हणाली, “त्या गान्यातली तूच ना?”

टेम्पोच्या पत्र्यावर पाण्याचा फवारा वाजत होता. ऋतिकाला एकदम फार दमल्यासारखं झालं, आणि त्या दमण्यात थोडी सुटकाही होती. आता जे व्हायचं ते होणार होतं. तिने मान हलवली.

“मना पयल्या खेपेलाच समजलं. दुकानातून आला, अंगनात वाजवलं, तवाच. शब्द येवडा लांब ओढनारी आपल्या घरात एकच हाय.”

“तुमी सांगनार?”

“कुनाला?”

“त्यांना.”

पुतळाबाई हसली, पण आवाज न करता, फक्त खांदे हलले. “सांगून पटंल काय त्याला? तुज्याशी रोज बोलतो, ते रोज आयकतो. दोन आवाज एकाच घरात फिरतात त्याच्या. भेटले कवा?”

ऋतिकाने टेम्पोकडे बघितलं.

“त्याचा बाप पन तसाच व्हता,” पुतळाबाई म्हणाली. “नव्या लग्नातली गोष्ट. मी राहनालला मांडवात गायली, सकालपासून दुपार उतरंपर्यंत. माजी सासू आजारी व्हती, तिच्या जागी पयल्यांदाच बसली मी. आतल्या खोलीत बसवलेली, बापये बाहेर पंगतीला. हा पन तितंच जेवत बसलेला. घरी आला नि मना सांगतो, आज धवलारीण काय गायली, कुटली आनली व्हती कोन जाने, पन गला असा पायजे.”

“मंग तुमी काय बोल्लाव?”

“बोल्ली, आसंल कोनतरी.” तिने सूप हलवलं, तांदूळ एका बाजूला आले. “मेला तवर कवा समजलं नाय त्याला. मी पन सांगितलं नाय. सांगितलं अस्तं तर बोल्ला अस्ता, हां, तूच कं, बरी गायलीस. त्या परीस तीच बरी व्हती, ती कोनतरी.”

तिने आणखी एक खडा वेचून बाजूला ठेवला. “तू बोल आता,” पुतळाबाई म्हणाली. “घरात बोल, दारात बोल. काय व्हनार नाय तुला. बापयांना आयकू येत नाय गो.”

ऋतिकाला हायसं वाटायला हवं होतं. इतके दिवस ती ज्याच्यासाठी कान देऊन बसली होती ते येणारच नव्हतं. तिने स्वतःचं एकेक वाक्य मोडलं होतं, शेवट गिळले होते, हसू आवरलं होतं, कामावरचा फोन दुसऱ्या बाईच्या हातात दिला होता, आणि यातलं काहीच लागत नव्हतं. ती आहे तशी, आहे त्या आवाजात, या माणसासमोर अख्खा जन्म उभी राहिली असती तरी धोका नव्हता. हे तिच्या लक्षात येत गेलं तसतशी पायाखालची जमीन घट्ट व्हायच्या ऐवजी भुसभुशीत होत गेली. भीतीत निदान एक गोष्ट धरून चाललेली होती, की तो कधीतरी ओळखेल. रोज संध्याकाळी त्याच्या कपाळाकडे बघताना आपण नक्की कशाची वाट बघत होतो, हे तिला आता सांगता आलं नसतं. ड्रायव्हरने ओळखलं होतं. सागरने एका अक्षरावर ओळखलं होतं. सासूने, डोळे तांदळात ठेवून, ओळखलं होतं. ज्याच्यापासून लपायचं होतं तो तिला शोधतच नव्हता.

टेम्पोच्या बॉनेटवर ठेवलेला मोबाईल वाजायला लागला. आधी लूम. भाविक गाडीच्या मागच्या बाजूला होता, पाण्याच्या आवाजात त्याला ऐकू आलं नसावं. ऋतिका उठली. पदराला चिकटलेले तांदूळ झटकले. तिने घसा साफ केला नाही, श्वास आवरला नाही. कामतघरच्या घरात मागच्या भिंतीपासून ओटीपर्यंत हाक मारावी तशी, पूर्ण छातीने, तिने हाक मारली.

“अवो, फोन वाजतोय. उचला.”

शेवटचा ‘ला’ लांब गेला. अंगणावरून, टेम्पोवरून, कुडावरून पलीकडे गेला, आणि कुडापलीकडे कपडे वाळत घालणारी बाई मान वर करून बघायला लागली. पुतळाबाईचा हात सुपावर थांबला.

भाविक पुढे आला. ओले हात पँटला पुसत त्याने मोबाईल उचलला, कुणाचा आहे ते बघितलं, पण बटण दाबलं नाही. मोबाईल कानाजवळ धरून तो उभा राहिला, चेहऱ्यावर हसू, आणि दुसऱ्या हाताचा तळवा बायकोच्या दिशेने वर केला.

“थांब गो जरा,” तो म्हणाला. “तिला बोलू दे.”